प्लास्टिकचं वय आधी विचारा: क्रीपचं मॉडेल पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

एकाच साच्यातून, एकाच दाण्यांपासून काढलेल्या दोन पट्ट्या घ्या. दोन्ही एकाच वेळी गरम करा, एकाच वेळी गार करा. एकीला त्याच दिवशी वजन टांगा. दुसरी महिनाभर खणात ठेवा आणि मग तेवढंच वजन टांगा. रसायन म्हणून दोघींत काडीचाही फरक नाही, तरी पहिली भराभर लांबत जाते आणि दुसरी सावकाश. खणात नुसतं पडून राहून दुसरी पट्टी बदलली.

स्थिर भाराखाली प्लास्टिक हळूहळू लांबत किंवा वाकत जातं, त्याला क्रीप म्हणतात. त्याचं गणित करायला बसलेला नवखा माणूस बहुतेक वेळा भार, तापमान आणि वेळ या तीनच गोष्टी नोंदवतो. चौथी गोष्ट म्हणजे नमुन्याचं वय, आणि ती सुटली की पुढचं सगळं गणित चुकीच्या पायावर उभं राहतं. माझा चाचण्यांचा पहिला पूर्ण संच याच कारणाने निकामी ठरला. आलेख सुरेख होते, पण कोणता नमुना केव्हा गार केला होता ते वहीत लिहिलेलंच नव्हतं. म्हणून हा लेख मी वयापासून सुरू करतो आहे.

शब्दांबद्दल थोडं. पुस्तकी मराठीत प्रतिबल आणि विकृती असे शब्द आहेत. प्रयोगशाळेत आपण स्ट्रेस आणि स्ट्रेन म्हणतो, इथेही तेच वापरतो. स्ट्रेस म्हणजे दर क्षेत्रफळावरचा भार, स्ट्रेन म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत झालेली वाढ. स्ट्रेनला स्ट्रेसने भागलं की कंप्लायन्स मिळतो. तो मॉड्युलसच्या (कडकपणाच्या मापाच्या) उलट वागतो, म्हणजे जितका जास्त तितकं प्लास्टिक मऊ. क्रीपमध्ये हा कंप्लायन्स वेळेबरोबर वाढत जातो, आणि आपल्याला मॉडेल त्याचंच करायचं आहे.

वय म्हणजे नेमकं काय वाढतं

प्लास्टिक म्हातारं होतं ते दोन तऱ्हांनी. ऊन, ऑक्सिजन, पाणी यांमुळे रेणूंच्या साखळ्या तुटतात किंवा एकमेकींना नव्याने जोडल्या जातात. हे रासायनिक वृद्धत्व, आणि ते परत फिरवता येत नाही. दुसरं भौतिक वृद्धत्व. त्यात एकही बंध तुटत नाही. प्लास्टिक पुन्हा तापवलं की ते पुसलं जातं आणि वय शून्यावर येतं. हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. प्रत्यक्ष वस्तूत दोन्ही एकत्र चालतात, पण मॉडेल करताना ती वेगळी ठेवा, कारण भौतिक वृद्धत्व प्लास्टिकला आवळत नेतं आणि रासायनिक बहुधा ठिसूळ करून मोडतं.

भौतिक वृद्धत्वाचं मूळ ग्लास ट्रान्झिशन तापमानात आहे. बोलताना सगळे त्याला टीजी म्हणतात. टीजीच्या वर साखळ्या सहज हलतात, आणि तापमान उतरलं की जवळ सरकून नवीन जागा पटकन घेतात. टीजीच्या खाली आल्यावर हालचाल इतकी मंदावते की साखळ्या मध्येच अडकतात. गार झालेली पट्टी हाताला घट्ट लागते, पण आतल्या साखळ्यांमध्ये हवी त्यापेक्षा थोडी जास्त मोकळी जागा कोंडलेली असते. ती जागा पुढे तास, महिने, वर्षं हळूहळू कमी होत राहते. घनफळातला फरक टक्क्याचा अगदी लहानसा अंश असतो. पण साखळीला हलायला लागणारा वेळ त्या मोकळ्या जागेवर इतका अवलंबून असतो की तो दहापट, शंभरपट वाढतो. जागा कमी झाली की हालचाल मंदावते, आणि हालचाल मंदावली की जागा कमी होणंही मंदावतं. म्हणून ही प्रक्रिया कधी झटकन संपत नाही. ती लॉगरिदमच्या चालीने चालते: पहिल्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत जेवढा बदल झाला, साधारण तेवढाच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत.

टीजीच्या खालच्या घनफळाचा बारकाईने अभ्यास कोव्हॅक्स यांनी केला. पॉलिव्हिनाइल ॲसिटेटवरचं त्यांचं काम १९६३ मध्ये प्रसिद्ध झालं. क्रीपशी त्याचा पद्धतशीर संबंध जोडला तो डेल्फ्टच्या टीएनओ संस्थेतल्या स्ट्रुइक यांनी. १९७८ मध्ये त्यांनी अनेक पदार्थांवरची मोजमापं एकत्र मांडली. पुढच्या पायऱ्यांचा गाभा त्यांच्याच पद्धतीचा आहे.

पायरी १: पदार्थ ओळखा

तुमच्या प्लास्टिकचा टीजी किती, हे आधी शोधा. पीव्हीसीचा सुमारे ८० अंश सेल्सियस, पॉलिस्टायरीनचा १०० च्या आसपास, ॲक्रिलिकचा १०५ च्या जवळपास, पॉलिकार्बोनेटचा सुमारे १५० अंश. ही प्लास्टिकं खोलीच्या तापमानाला काचेच्या अवस्थेत असतात आणि वृद्धत्व त्यांच्यात स्वच्छ दिसतं. सुरुवात यांतल्या एकावर करावी. मी ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट सुचवेन.

पॉलिप्रोपिलीन, नायलॉन यांसारख्या अर्धस्फटिकी (काही भाग स्फटिक, काही भाग अस्ताव्यस्त) प्लास्टिकचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. पॉलिप्रोपिलीनचा टीजी शून्य अंशाच्या आसपास, म्हणजे खोलीत ते टीजीच्या वरच असतं. हिशेबाने त्याला वय लागायला नको, पण लागतं. कारण स्फटिकांना चिकटून असलेला मधला भाग मोकळा नसतो, त्याचा टीजी वर सरकलेला असतो. नायलॉनमध्ये आणखी एक पाहुणा येतो, तो म्हणजे पाणी. ओलाव्याने त्याचा टीजी कित्येक अंशांनी खाली जातो. कोरड्या नायलॉनवर घेतलेले आकडे दमट हवेतल्या नायलॉनला लावले तर ते दुसऱ्याच पदार्थाचे आकडे ठरतात.

पायरी २: जुनं वय पुसा

नमुना टीजीच्या १० ते १५ अंश वर नेऊन काही मिनिटं ठेवा, जाडीनुसार १० ते ३० मिनिटं पुरतात. मग चाचणीच्या तापमानाला झटक्यात गार करा. टीजी ओलांडून खाली आला तो क्षण म्हणजे नमुन्याचा जन्म. घड्याळ तिथून सुरू करा आणि वेळ वहीत लिहा, नमुन्यावरही लिहा.

सोपं वाटतं, पण इथेच जास्तीत जास्त नमुने बिघडतात. टीजीच्या वर पट्टी मऊ होते, म्हणून ती सपाट काचेवर किंवा धातूच्या पत्र्यावर आडवी ठेवा. आत ओलावा असेल तर फुगे येतात, म्हणून आधी वाळवा. इंजेक्शन मोल्डिंगच्या नमुन्यात साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणलेल्या असतात. तापवल्यावर त्या आखडतात आणि पट्टी आखूड, जाड होते. म्हणून जाडी आणि रुंदी तापवून गार केल्यानंतर पुन्हा मोजा. जुन्या मापांवर काढलेला स्ट्रेस चुकीचा निघतो, आणि ही चूक पुढे आलेखात उभा फरक होऊन दिसते.

अर्धस्फटिकी प्लास्टिकला वितळबिंदूच्या बऱ्याच खाली असं एकच तापमान ठरवून घ्या आणि प्रत्येक वेळी तिथूनच गार करा. वय पूर्णपणे पुसलं जाईल याची खात्री तिथे देता येत नाही, पण सुरुवात दर वेळी सारखी राहते, आणि तुलनेसाठी तेवढं हवंच.

पायरी ३: छोट्या चाचण्या, वाढत्या वयात

आता एकाच नमुन्यावर वेगवेगळ्या वयात छोट्या क्रीप चाचण्या घ्यायच्या. वयं लॉगच्या पट्टीवर समान अंतराने निवडा: १ तास, ३ तास, १० तास, ३० तास, १०० तास. प्रत्येक वेळी भार ठेवा, स्ट्रेन नोंदवा, भार काढा आणि पुढच्या वयापर्यंत नमुना मोकळा सोडा.

कळीचा नियम असा: भार ठेवण्याचा काळ त्या वेळच्या वयाच्या एक दशांशापेक्षा जास्त नको. १० तासांच्या नमुन्यावर भार १ तास, त्याहून जास्त नाही. म्हणजे चाचणी चालू असताना नमुना फारसा म्हातारा होत नाही, आणि आपण त्या वयाचा जणू एक स्थिर फोटो घेतो. एक दशांशच का, ते पाचव्या पायरीच्या सूत्राने तपासता येतं. त्या मर्यादेत वयामुळे होणारी चूक काळाच्या ५ टक्क्यांहून कमी राहते आणि लॉगच्या आलेखावर ती डोळ्याला दिसतही नाही. भार वयाइतकाच काळ ठेवला तर चूक ३० टक्क्यांच्या आसपास जाते.

मोजताना या गोष्टी सांभाळा. भार काढल्यावर पट्टी लगेच मूळ लांबीवर येत नाही, मागच्या चाचणीची थोडी परतफेड पुढच्या चाचणीच्या वेळीही चालूच असते. म्हणून परतफेडीची रेषा पुढे वाढवा आणि नवी स्ट्रेन त्या रेषेपासून मोजा. भार पूर्ण चढायला २ सेकंद लागत असतील तर पहिली २० सेकंदं मॉडेलसाठी वापरू नका. स्ट्रेनगेज (पट्टीवर चिकटवायचा स्ट्रेन-मापक) शक्यतो टाळा, कारण प्लास्टिकवर तो स्वतःच ती जागा कडक करतो आणि थोडी गरमही करतो. क्लिपचा किंवा ऑप्टिकल एक्स्टेन्सोमीटर (लांबीतला बदल मोजणारं उपकरण) बरा. तापमान अर्ध्या अंशाच्या आत स्थिर ठेवा.

आणि भार हलका ठेवा. दोन वेगळ्या स्ट्रेसवर, एकाच वयात कंप्लायन्स काढा. दोन्ही वक्र एकमेकांवर बसले तर तुम्ही रेषीय हद्दीत आहात. बसले नाहीत तर भार कमी करा. ही तपासणी वगळून पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण रेषीय हद्दीबाहेर भाराचा परिणाम कोणता आणि वयाचा कोणता हे निवडून काढता येत नाही.

पायरी ४: वक्र सरकवा

सगळे वक्र एकाच आलेखावर काढा, आडव्या अक्षावर भारकाळाचा लॉग, उभ्यावर कंप्लायन्सचा लॉग. पाच वयांचे पाच वक्र दिसतील, आकार जवळजवळ सारखा, फक्त वय वाढेल तसे उजवीकडे सरकलेले. वृद्धत्वाने वक्राचा आकार बदलत नाही, त्याचं घड्याळ बदलतं. या एका निरीक्षणावर पुढचं सगळं मॉडेल उभं आहे.

पहिल्यांदा हे काम संगणकाला देऊ नका. वक्र पारदर्शक कागदावर छापा आणि हाताने सरकवून एकमेकांवर बसवा. कुठला वक्र बसत नाही, कुठे टोक वाकडं जातं, हे डोळ्यांना जितकं लवकर कळतं तितकं संगणकाच्या वक्र बसवण्याच्या (लघुतम वर्गांच्या) रीतीला कळत नाही. नंतर आकडे काढायला प्रोग्रॅम आहेच.

प्रत्येक वक्र किती सरकवावा लागला ते वयाच्या लॉगसमोर मांडा. साधारण सरळ रेषा येते. तिच्या उताराला म्यू म्हणतात. समजा १ तासाचा वक्र ३० तासांच्या वक्रावर बसवायला लॉगच्या पट्टीवर १.३३ एवढं सरकवावं लागलं. ३० चा लॉग १.४८. भागाकार ०.९, म्हणजे म्यू ०.९. काचेच्या अवस्थेतल्या प्लास्टिकमध्ये, टीजीपासून बऱ्यापैकी खाली, म्यू बहुधा १ च्या जवळ येतो. म्यू १ याचा सरळ अर्थ: वय दुप्पट झालं की क्रीपचा वेग निम्मा. टीजीच्या जवळ गेलात की म्यू उतरत जातो आणि शून्याला टेकतो, कारण तिथे साखळ्या लवकर समतोलाला पोचतात आणि वाढायला वय उरत नाही.

थोडंसं उभं सरकवावं लागलं तर हरकत नाही. पण ते क्षैतिज सरकण्याच्या तुलनेत मोठं व्हायला लागलं तर जाडीची मापं किंवा भार पुन्हा तपासा.

एकत्र बसलेल्या वक्राला सूत्र जोडायचं ते असं:

कंप्लायन्स = सुरुवातीचा कंप्लायन्स × एक्स्प [(भारकाळ ÷ टाउ) चा एम-वा घात]

एक्स्प म्हणजे ई (सुमारे २.७१८) या संख्येचा तेवढावा घात. अशा ताणलेल्या घातांकी सूत्राची कल्पना कोलराउश यांची, १८५४ सालची. लेडन जारमधला (विद्युतभार साठवणाऱ्या जुन्या काचेच्या बरणीतला) विद्युतभार कसा ओसरतो ते मांडताना त्यांनी ती वापरली. १९७० मध्ये विल्यम्स आणि वॉट्स यांनी ती पॉलिमरच्या शास्त्रात पुन्हा आणली. स्ट्रुइक यांना पुष्कळ पदार्थांत एम सुमारे १/३ मिळाला. तुमचा एम ०.२५ ते ०.४५ च्या बराच बाहेर असेल तर निष्कर्ष काढण्याआधी मोजमाप पुन्हा पाहा. टाउ हा वयाबरोबर वाढणारा काळ. वय जितक्या पट झालं त्याचा म्यू-वा घात घ्या, टाउ तितक्या पट होतो.

पायरी ५: मंदावणारं घड्याळ

आता खरा प्रश्न. छोट्या चाचण्यांतून मिळालेलं सूत्र एका क्षणाच्या वयाचं आहे. वस्तूवर मात्र भार वर्षानुवर्षं राहणार, आणि त्या काळात ती म्हातारी होत जाणार. सूत्रात नुसता १००० दिवसांचा भारकाळ घातला तर काय होतं, ते उदाहरणाने पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

सुरुवातीचा कंप्लायन्स ०.४ प्रति गिगापास्कल. स्ट्रेस १० मेगापास्कल. भार ठेवताना नमुन्याचं वय १ दिवस, त्या वयाला टाउ २० दिवस, एम १/३, म्यू ०.९. भार ठेवताक्षणी स्ट्रेन ०.४ टक्के. १००० भागिले २० म्हणजे ५०, त्याचं घनमूळ ३.६८, आणि त्याचा एक्स्प जवळपास ४०. स्ट्रेन निघते १६ टक्के! ॲक्रिलिकची पट्टी त्याच्या कितीतरी आधी मोडेल. सूत्र चुकलेलं नाही, त्याला चुकीचं घड्याळ दिलं आहे.

बरोबर विचार असा. भार ठेवल्यापासून काही काळ गेला की नमुन्याचं वय म्हणजे सुरुवातीचं वय अधिक भारकाळ. टाउ त्या प्रमाणात वाढलेला असतो. म्हणून आत्ताचा एक सेकंद भार ठेवतानाच्या एका सेकंदाइतका मोलाचा राहत नाही. त्याचं मोल (सुरुवातीचं वय ÷ आत्ताचं वय) याच्या म्यू-व्या घाताइतकं कमी होतं. असे सगळे घटलेले सेकंद भार ठेवल्यापासून आत्तापर्यंत बेरजेत घ्या. या बेरजेला इफेक्टिव्ह टाइम म्हणतात. बेरीज कागदावर सुटते:

म्यू १ असेल तर, इफेक्टिव्ह टाइम = वय × नैसर्गिक लॉग (१ + भारकाळ ÷ वय)

म्यू १ पेक्षा कमी असेल तर, इफेक्टिव्ह टाइम = [वय ÷ (१ − म्यू)] × {[(१ + भारकाळ ÷ वय) चा (१ − म्यू)-वा घात] − १}

दोन्ही सूत्रांत वय म्हणजे भार ठेवतानाचं वय. हा इफेक्टिव्ह टाइम क्रीपच्या सूत्रात भारकाळाच्या जागी घालायचा, टाउ भार ठेवतानाच्या वयाचाच ठेवायचा.

आपल्या उदाहरणात १००० दिवसांचा इफेक्टिव्ह टाइम किती येतो? १००१ चा ०.१-वा घात १.९९५, त्यातून १ वजा, गुणिले १०. उत्तर ९.९५ दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरचे १००० दिवस पट्टीला दहा दिवसांसारखे वाटले. हे सूत्रात घाला: ९.९५ भागिले २०, घनमूळ ०.७९, एक्स्प २.२१, स्ट्रेन ०.८८ टक्के. १६ टक्के आणि ०.८८ टक्के. हा फरक पाहिल्यावर वय नोंदवायला कोणी विसरत नाही.

दहा वर्षं, म्हणजे ३६५० दिवस घेतले तर इफेक्टिव्ह टाइम १२.७ दिवस आणि स्ट्रेन ०.९४ टक्के. पुढची सात वर्षं मिळून वाढ इतकीच.

आता तीच पट्टी भार ठेवण्याआधी ३० दिवस पडून होती असं समजा. टाउ ३० च्या ०.९-व्या घाताने वाढतो, म्हणजे ४२७ दिवस होतो. एक दिवस भार ठेवल्यावर तरुण पट्टीची स्ट्रेन ०.५६ टक्के, या पट्टीची ०.४६ टक्के. १००० दिवसांनी तरुण पट्टी ०.८८ वर, ही ०.७८ वर. लॉगच्या आलेखावर हे दोन वक्र सुरुवातीला लांब आणि शेवटाकडे जवळ येताना दिसतात, कारण १००० दिवसांपुढे १ दिवस काय आणि ३० दिवस काय, सुरुवातीच्या वयाचं महत्त्व ओसरत जातं. पण ज्या जोडणीत पहिल्या दिवसाचाच सैलपणा घातक असतो, उदाहरणार्थ दाबून बसवलेली क्लिप किंवा घट्ट आवळलेला स्क्रू, तिथे सुटे भाग महिनाभर ठेवून मग जोडण्याने खरोखर फायदा होतो.

उलट चूकही होते. नव्या नमुन्यावर लांब चाचणी घेतली, शेवटाकडे वक्र सपाट होताना दिसला, आणि प्लास्टिक आता स्थिरावलं असं समजून तिथेच रेषा ओढली. तो सपाटपणा वृद्धत्वाचा असतो. पुढे तेच प्लास्टिक टीजीच्या जवळ तापलं तर घड्याळ पुन्हा मागे जातं आणि क्रीप नव्या जोमाने सुरू होतो.

पायरी ६: पडताळा, आणि तोही स्वस्तात

लांब मुदतीचा पडताळा म्हटलं की नवखे घाबरतात, वर्षभर यंत्र अडकवून कोण ठेवणार? पण सूत्रात पाहा, महत्त्व भारकाळ आणि वय यांच्या गुणोत्तराला आहे. १ तास वयाच्या नमुन्यावर १०० तास भार ठेवा. गुणोत्तर १००, म्हणजे ३ महिन्यांच्या नमुन्यावर २५ वर्षं भार ठेवण्याइतकंच. चार-पाच दिवसांत तुमचं मॉडेल वृद्धत्वाला किती चांगलं पकडतं ते कळतं.

मात्र हा आलेख आधी काढलेल्या म्यू आणि एमवर तपासा. लांब चाचणीवर नव्याने म्यू बसवून घेतला तर ती पडताळणी राहत नाही. अंदाज आणि मोजमाप यांत नेहमी एकाच दिशेने फरक पडत असेल तर आधी परतफेडीची वजाबाकी तपासा, मग तापमानाची नोंद.

लांब चाचणीत आकडे केव्हा घ्यायचे यासाठी आयएसओ ८९९ या क्रीप-चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा पहिला भाग चांगलं वेळापत्रक देतो: १, ३, ६, १२, ३० मिनिटं, मग १, २, ५, १०, २०, ५०, १००, २००, ५००, १००० तास. एएसटीएम डी २९९० हे याच कामाचं दुसरं मानक. यांच्या रीतीने नमुना धरणं, भार देणं, नोंद करणं शिका, आणि वयाची रीत त्यात स्वतः घाला.

तापमान मधे आलं की

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. तापमान वाढवून छोट्या चाचण्या घ्यायच्या, वक्र सरकवून एक लांबलचक मास्टर कर्व्ह बांधायचा आणि त्यावर ५० वर्षांचं वर्तन वाचायचं, ही जुनी आणि मोहक रीत आहे. टीजीच्या वर ती चांगली चालते. विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांचं १९५५ चं सूत्र तिथलंच, टीजीपासून त्याच्या १०० अंश वरपर्यंतचं. टीजीच्या खाली ते लावू नका. तिथे सरकण्याचं प्रमाण अऱ्हेनियसच्या (तापमानाबरोबर वेग कसा बदलतो ते सांगणाऱ्या) सूत्राने जास्त बरं बसतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे असा मास्टर कर्व्ह एका ठरावीक वयाचा असतो, जणू ५० वर्षं प्लास्टिक त्याच वयाचं राहणार आहे. आपल्या उदाहरणातले १६ टक्के याच रस्त्याने आले होते. म्हणून क्रम असा ठेवा: प्रत्येक तापमानाला नमुना नव्याने पुसून घ्या, त्या तापमानाचा म्यू वेगळा काढा, एकाच वयाचे वक्र तापमानाने सरकवा, आणि सगळ्यात शेवटी इफेक्टिव्ह टाइम लावा.

वापरात तापमान वरखाली होत असेल तर सावध राहा. कोव्हॅक्स यांच्या प्रयोगांत दिसलं की दोन वेगळ्या तापमानांतून गेलेला नमुना आपला इतिहास लक्षात ठेवतो, त्याचं घनफळ आधी वाढून मग कमी होतं. अशा नमुन्याला एकच वय देता येत नाही. बदल काही अंशांचाच असेल तर वरचं मॉडेल चालतं. मोठ्या उड्यांसाठी घनफळाचा इतिहास सोबत सोडवणारं मॉडेल लागतं, ते पहिल्या प्रयत्नात घेऊ नका.

जास्त भार, आणि सॉफ्टवेअर

रेषीय हद्दीबाहेर गेलात की दोन रस्ते आहेत. फिंडले यांचा घातनियम सोपा: स्ट्रेन = तात्काळ स्ट्रेन + गुणांक × काळाचा एन-वा घात. त्यांच्या पीव्हीसी आणि पॉलिइथिलीनच्या चाचण्या २६ वर्षं चालल्या आणि नियम चांगला टिकला. फक्त हे ध्यानात असू द्या की त्यातल्या एनमध्ये वृद्धत्व आधीच मिसळलेलं असतं. एका वयाच्या नमुन्यावरचा एन वेगळ्या वयाच्या नमुन्याला जसाच्या तसा लावू नका. दुसरा रस्ता शॅपेरी यांच्या मॉडेलचा. त्यात स्ट्रेसनुसार घड्याळाचा वेग बदलतो, आणि वयाचं घड्याळ त्याच चौकटीत बसवता येतं.

भार बदलता असेल तर बोल्ट्झमन यांचं १८७४ चं तत्त्व वापरायचं, प्रत्येक भाराचा परिणाम वेगळा काढून बेरीज करायची. पण वृद्धत्व असताना ही बेरीज भिंतीवरच्या घड्याळाने करू नका. प्रत्येक भाराच्या क्षणापासूनचा इफेक्टिव्ह टाइम एकाच संदर्भ वयात मोजा आणि त्यातच बेरीज करा.

फायनाइट एलिमेंटच्या (वस्तूचे छोटे घटक पाडून गणित करणाऱ्या) बहुतेक सॉफ्टवेअरना प्रोनी मालिका लागते, म्हणजे साध्या घातांकी पदांची बेरीज. लॉगच्या प्रत्येक दशकाला एक पद पुरतं. ती बहुधा रिलॅक्सेशन मॉड्युलसची (लांबी स्थिर धरल्यावर ओसरत जाणाऱ्या कडकपणाची) मागतात. कंप्लायन्सला उलटं करून मॉड्युलस म्हणून भरू नका, वेळेबरोबर बदलणाऱ्या राशींत ते अचूक नसतं, संगणकावर कन्व्हॉल्यूशनने रूपांतर करा. वयासाठी तापमानाच्या सरकण्याची जागा वापरता येते: जिथे सॉफ्टवेअर तापमानावरून घड्याळाचा वेग काढतं, तिथे यूझर सबरूटीनमध्ये (सुरुवातीचं वय ÷ आत्ताचं वय) चा म्यू-वा घात गुणा. मी नेहमी एकाच घटकाच्या, एकाच पट्टीच्या गणिताने सुरुवात करतो आणि वरचे ०.८८ टक्के हाताने व संगणकाने एकच येतात का ते पाहतो. ते जुळल्याशिवाय खऱ्या आकाराला हात लावत नाही.

निकाल देताना आलेखावर या गोष्टी लिहा: कोणत्या तापमानावरून गार केलं, किती वेगाने, भार ठेवताना वय किती, चाचणीचं तापमान, आर्द्रता, म्यू आणि तो कोणत्या वयांमधून काढला. आणि पडताळ्याचा नमुना लगेच उतरवू नका. जागा असेल तर भारासकट तसाच राहू द्या आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला त्याची लांबी मोजा.